लोखंडी लेकीची ओटी

मला राग लवकर येतो. शहापुरात आमच्या आळीत म्हणतात, दिपालीच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, आणि ते काही खोटं नाही. पण त्या शनिवारी सकाळी जो आला तो नाकाच्या शेंड्यावर मावणारा नव्हता. मुरबाडच्या आमच्या फॅक्टरीत नुकती पोचून मी चहाचा पहिला घोट घेत होते, तेवढ्यात धाऊ ट्रेलरवाल्याचा फोन आला.

"ताई, कंटेनर बाजूला लावलाय," धाऊ म्हणाला. "सीलचा नंबर वाचता येत नाय म्हनतात कस्टमवाले. आता उघडनार."

"वाचता येत नाही म्हणजे काय? काल इन्स्पेक्टरनं माझ्या डोळ्यांदेखत सील मारलं."

"त्याच्यावर कुंकू व्हता ना ताई. तेलातला. मी आपला पुसाया गेलो."

"कशानं पुसलंस?"

धाऊ जरा घुटमळला. "पान्याच्या टोकानं," तो म्हणाला.

मी चहा टेबलावर ठेवला नाही, आपटला.

सीलचं हे प्रकरण आधी सांगायला हवं, नाहीतर माझा राग कोणाला कळायचा नाही. रेल्वेनं परदेशी माल पाठवायचा तर एक्साइजचा इन्स्पेक्टर फॅक्टरीत येतो. तो समोर उभा राहून माल भरून घेतो, दाराच्या कडीतून तार ओवतो आणि तिच्यावर शिशाचं सील दाबतो. त्या सीलचा नंबर सगळ्या कागदांवर चढतो. मग ट्रेलर रेल्वेच्या कंटेनर डेपोत जातो. तिथे कस्टमवाले सील आणि कागद ताडून बघतात, आणि जुळलं की दार न उघडता डबा मालगाडीवर चढतो. आमचा डबा जायचा होता नेपाळला, रक्सौलची सरहद्द ओलांडून वीरगंजला. एवढ्या वाटेत कोणी आत डोकावत नाही, ते फक्त त्या सीलच्या भरवशावर. आणि शिसं असतं मऊ. पान्याचं टोक फिरलं की नंबरही जातो आणि भरवसाही.

आमची फॅक्टरी हातपंप बनवायची. साल २००८. त्या पावसाळ्यात नेपाळात मोठा पूर येऊन गावंच्या गावं गाळात गेली होती, आणि तिथल्या एका संस्थेला पंप हवे होते. आम्ही त्याआधी मालेगावच्या पलीकडे कधी माल पाठवला नव्हता. आमचे मालक महिपतशेठ यांना त्या वर्षी दुसरी ऑर्डरच नव्हती. त्यांनी पॅकिंगच्या बायकांना एकत्र बोलावून सरळ सांगितलं होतं, "हा पहिला कंटेनर शनिवारच्या गाडीनं गेला तर पुढची सगळी ऑर्डर आपली. गाडी चुकली तर संस्था दुसरीकडे जाईल, आणि मग पॅकिंगची शेड मला बंद करावी लागेल." शेठ गोड बोलून गळा कापणाऱ्यातले नव्हते. बंद म्हणाले म्हणजे बंद.

कस्टमचे कागद करायचं काम माझ्याकडे होतं. मी ते ठाण्याच्या एका एजंटाच्या हाताखाली चार दिवस बसून शिकले होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. प्रत्येक कागद तीनदा तपासला होता. कुंकवाचं कलम कुठल्याच कागदात नव्हतं.

मी पॅकिंग शेडमध्ये गेले आणि दारातूनच ओरडले, "सीलला कुंकू कोणी लावलं?"

"मी लावला," सकुबाई म्हणाली. खोक्याला पट्टी मारत होती, ती मारून झाल्यावर तिनं मान वर केली. "काय झाला गो?"

सकुबाई धसईच्या पलीकडच्या गावची, कुणब्याची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. वाट्याची थोडी भातशेती दीर कसायचा, घर चालायचं ते शेडमधल्या कामावर. मी तिला मावशी म्हणायचे. किन्हवलीच्या रस्त्यानं येणारी माझी एसटी चुकली तर ती माझ्या वाटणीची भाकर झाकून ठेवायची. त्या सकाळी मला यातलं काही आठवलं नाही.

"मावशी, अहो ते सरकारी सील आहे. त्याला कुंकू लावतात का?"

"दाराला लावला, कडीला लावला. मंग ती शिशाची टिकली राहिली व्हती, तिला बी लावला. लेक परदेशी चालली, तिला काय रिकाम्या कपाळानं धाडायची?"

'रिकाम्या' या शब्दावर ती जरा थांबली होती, ते माझ्या कानातून सुटलं नाही. "मावशी," मी म्हटलं, "आत काही ठेवलंय का तुम्ही?"

"ओटी भरली," ती म्हणाली. "सील मारायच्या आदी तुमी सगळी सायबाला चा द्यायला गेलती तवा. खण, नारल, सुपारी, हळकुंड, आन घरचा झोडलेला नवा झिनी, बारीक तांदूल."

मी कपाळाला हात लावला. त्या वर्षी साध्या तांदळाच्या निर्यातीवर सरकारनं बंदी घातली होती. माझ्या मेजासमोरच्या भिंतीवर ते पत्रक मीच खिळ्याला टोचलं होतं.

शेठना सगळं सांगितलं. ते खालच्या आवाजात म्हणाले, "धाऊनं ठेवलं म्हणून सांग. ड्रायव्हर लोक करतात असलं देवदेव. त्याचं मी नंतर बघून घेईन."

"धाऊचं लायसन जाईल, शेठ."

"शेड जाण्यापेक्षा..." शेठ म्हणाले आणि थांबले, कारण सकुबाई माझ्यामागून केबिनच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिनं पदर खोचलेला होता, पायात चपला होत्या आणि हातात डब्याची पिशवी.

"धाऊनं काय केला?" ती म्हणाली. "मी ठेवला, मी सांगनार. मला न्या तिकडं."

शेठ माणूस वाईट नव्हते. त्यांनी ओम्नीची किल्ली काढून आमच्या सुपरवायझरला दिली.

वाटेत मी कागद पुन्हा पुन्हा चाळत होते. सकुबाई मात्र कल्याण येईपर्यंत खिडकीतून बघत होती आणि मधूनमधून म्हणत होती, "मोप लांब हाय गो." मी दात खात होते.

डेपोत पोचलो तेव्हा आमच्या कंटेनरची दोन्ही दारं सताड उघडी होती आणि हमाल खोकी बाहेर काढून मांडत होते. पलीकडे रुळांवर मालगाडी लागलेली. क्रेन एकेक डबा उचलून गाडीवर ठेवत होती, आणि प्रत्येक डबा बसला की जो आवाज व्हायचा तो मला थेट छातीत लागत होता. धाऊ गेटाजवळ उकिडवा बसला होता. आम्हाला बघून उठला आणि सकुबाईला डोळ्यांनीच मागे राहायला खुणावलं. मला त्याच क्षणी कळलं की सकाळपासून विचारूनही त्यानं सकुबाईचं नाव सांगितलेलं नाही.

तपासणीच्या टेबलावर सकुबाईची ओटी मांडलेली होती. हिरवा खण पसरलेला, त्यावर दोन मुठी तांदूळ, शेंडीचा नारळ, सुपारी, हळकुंड. टेबलाच्या एका बाजूला कस्टमचे सुपरिंटेंडंट आणि दुसऱ्या बाजूला तपासणी करणाऱ्या टेमकर मॅडम, युनिफॉर्मच्या पांढऱ्या साडीत.

"हे पॅकिंग लिस्टमध्ये आहे?" साहेबांनी मला विचारलं.

"नाही सर."

"तांदळावर बंदी आहे, ठाऊक आहे?"

"हो सर. पण दोनच मुठी आहेत."

"कायद्यात मूठ आणि पोतं असं वेगळं लिहिलेलं नाही," ते म्हणाले. पण त्यांचा स्वर चिडका नव्हता. "बघा, पंप मोजून झालेत, बरोबर आहेत. आता दोन रस्ते. मी केस केली तर डबा इथेच राहील. नाहीतर ज्यानं हे ठेवलं त्यानं समोर येऊन जबाब द्यायचा की हा व्यापाराचा माल नाही, सही करून वस्तू परत न्यायची, आणि मग आम्ही आमचं सील मारून डबा सोडू. मॅडम जबाब घेतील. मात्र लवकर करा, गाडी कोणासाठी थांबत नाही."

मला इतकं हायसं वाटलं की साहेबांच्या पाया पडावंसं वाटलं. एक सही, संपलं. मी सकुबाईला पुढे केलं.

सकुबाईनं टेमकर मॅडमकडे नीट निरखून पाहिलं, वरपासून खालपर्यंत. मग तिचा चेहरा एकदम सैल झाला, आणि ती मॅडमच्या शेजारच्या खुर्चीवर असं बसली की जणू गावच्या ओसरीवर शेजारणीकडे बसायला आलीय.

"हे तुम्ही ठेवलंत का, मावशी?" मॅडमनी विचारलं.

"मी ठेवला, बाय. त्यात लपवायचा काय?"

"का ठेवलंत?"

"लेक सासरी जाते तवा ओटी भरतात का नाय? आमच्या हातानं भरलेली खोकी, एवढी लांब चालली. नदी पार, मुलूख पार. बिगर ओटीची कशी धाडू?" मग ती मॅडमच्या पांढऱ्या पदरावर हात ठेवून म्हणाली, "तुला म्हनून सांगते, तू माझ्यातली हायेस. माझ्या रविनाचा लगीन झाला, तवा तिची ओटी मला भरू नाय दिली. जावेनं भरली. मी चुलीकडं भात बघत बसली व्हती. मांडवातली गानी ऐकू येत व्हती. पोर निघाली ती मला शोधत व्हती, पन लोकांनी गाडीत बसवली. म्हनला, या लोखंडाच्या लेकीला कोन आडवा येनार? हिची तरी मी भरीन."

मॅडमचं पेन थांबलं. मी शेडमध्ये या बाईच्या हाताखालून गेलेली खोकी दोन वर्षं मोजत होते, आणि हे मला ठाऊक नव्हतं. माझा राग कुठे गेला ते कळलं नाही. डोळ्यांत पाणी आलं ते मी क्रेनकडे बघून जिरवलं.

मॅडमनी जबाब लिहून वाचून दाखवला. सकुबाईनं दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली. 'तांदूळ' असं नुसतं लिहू नका, घरचा झिनी म्हणून लिहा, म्हणाली. मॅडमनी लिहिलं. मग त्यांनी खण चारही कोपऱ्यांनी उचलून तिच्यापुढे धरला. "हे घ्या, आणि इथे सही करा, वस्तू परत मिळाल्या म्हणून."

सकुबाईनं हात मागे घेतला. "ती नाय घेता येत."

"म्हणजे?"

"भरलेली ओटी माघारी घेत नाय. ओटी माघारी आली तं लेक माघारी येते."

पलीकडे क्रेननं आणखी एक डबा गाडीवर ठेवला. गाडीची शेवटची थोडीच जागा उरली होती. "मावशी," मी दातओठ खात म्हटलं, "मुकाट्यानं घ्या. गाडी चाललीय. शेड जाईल तुमची."

"म्हनून तं नाय घेत," सकुबाई म्हणाली. "माघारी आली तं शेड नाय जायाची का?"

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. नियमाप्रमाणे ती ओटी पुढे जाऊ शकत नव्हती, आणि सकुबाईच्या नियमाप्रमाणे मागे येऊ शकत नव्हती. कस्टमवाल्यांनी ठेवून घ्यावी तर ती जप्ती, आणि जप्ती म्हणजे केस. धर्मसंकट म्हणतात ते हेच असावं, आणि ते एका हिरव्या खणात मावलं होतं.

टेमकर मॅडम उठल्या आणि सकुबाईच्या खुर्चीसमोर खाली बसल्या. "मावशी, ओटी घरी न्यायची नाही, एवढंच ना? दुसऱ्या कोणी घेतली तर चालेल?"

"बाईमानसानं घेतली तं चालंल. कोनाच्या तरी पदरात पडाया पायजे."

"मग घरी नेऊ नका. फक्त गेटपर्यंत न्या. या गेटच्या आत मला तुमची सुपारीसुद्धा घेता येत नाही. पण संध्याकाळी माझी ड्युटी संपते. गेटच्या बाहेर मी पदर पसरते."

सकुबाई हसली. "तू माझ्यातलीच गो. आपली ओटी कोन भरतो?"

"तुमच्यातली म्हणजे?"

"धनी गेला ना तुजा? ही पांढरी साडी..."

मॅडम आधी गोंधळल्या, मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी साडीच्या आतून मंगळसूत्र वर काढलं. "हा युनिफॉर्म आहे, मावशी. मिस्टर नागपूरला बँकेत आहेत."

सकुबाईचा चेहरा उतरला. ती खुर्चीवर मागे सरली, हात पदराखाली घेतले. "मंग नाय जमायचा," ती म्हणाली. "सवाशिनीची ओटी मी नाय भरत. मला नाय चालत."

"तुम्हाला चालत नाही की लोकांना?"

सकुबाईनं खणाकडे पाहिलं.

"मला चालतं," मॅडम म्हणाल्या. "माझी आई गेली, त्यानंतर माझी ओटी कोणी मनापासून भरली नाही. नुसती भरायची म्हणून भरतात. मावशी, सही करा. संध्याकाळी मी येते."

सकुबाईनं पेन घेतलं आणि शाळेत शिकलेल्या मोठ्या अक्षरात सही केली. ओटीचा खण तिनं डब्याच्या पिशवीत ठेवला नाही. दोन्ही हातांवर धरून ती चालत गेटाबाहेर गेली आणि कुंपणाच्या भिंतीला टेकून बसली.

पुढचं भराभर झालं. हमालांनी खोकी आत चढवली, कस्टमनं नवं सील मारलं, साहेबांनी कागदांवर नवा नंबर चढवून शिक्का दिला. क्रेन आली. आमचा डबा गाडीवर बसला तेव्हा जो आवाज झाला तो मी जन्मात विसरणार नाही. सकाळपासून छातीत लागणारा तोच आवाज त्या वेळी कानाला गोड लागला. मी धाऊच्या पाठीवर थाप मारली. तो म्हणाला, "ताई, पाना टाकून देतो." मी म्हटलं, ठेव, पण सीलपासून लांब ठेव.

उन्हं उतरली तशी गाडी निघाली. गेटाबाहेरून आम्हाला ती शेवटपर्यंत दिसली. सकुबाई तोंडानं काही पुटपुटत होती. मी विचारलं नाही.

मॅडम येतील याची मला खात्री नव्हती. दिवसभराच्या गडबडीत माणूस बोलून जातं, त्यात काय धरून बसायचं, असं मी मनाशी म्हणत होते. पण त्या आल्या. पर्स खांद्याला, चालून चालून साडीच्या निऱ्या विस्कटलेल्या. गेटच्या लोखंडी पट्टीच्या बाहेर आल्या, उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी पदर पसरला.

सकुबाई खण सावरत उठली, त्यात थोडे तांदूळ रस्त्यावर सांडले. खण, नारळ, सुपारी, हळकुंड, आणि मग तांदूळ, एकेक तिनं पदरात घातलं. मॅडमनी कपाळ पुढे केलं. सकुबाईनं कनवटीची पुडी काढली, बोट कुंकवात बुडवलं आणि तिथेच थांबली.

"लावा," मॅडम म्हणाल्या.

तिनं लावलं. थोडं कुंकू पांढऱ्या साडीवर पडलं. मॅडमनी वाकून तिच्या पायांना हात लावला, आणि सकुबाईला रडू फुटलं. धाऊनं तोंड फिरवलं. मी मात्र फिरवलं नाही, सरळ रडले. त्या दिवशी शेड वाचली, ऑर्डर वाचली, माझी नोकरी वाचली, पण मला आजही वाटतं की टेमकर मॅडमचे उपकार त्याहून मोठे आहेत, आणि ते मी कसे मानावेत हे मला अजून कळलेलं नाही. दिवाळीला चिवडा पाठवावा तर त्या घेणार नाहीत. पुढच्या कंटेनरच्या वेळी गेले तेव्हा त्यांची बदली झाली होती.

दीड महिन्यानं संस्थेकडून फोटो आला. गाळ सुकलेल्या एका अंगणात आमचा पंप बसवलेला, त्याच्या दांड्याला झेंडूची माळ आणि तोंडावर लालभडक टिळा. शेठनी तो शेडमध्ये चिकटवला. सकुबाई त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बघ दिपाली," ती मला म्हणाली, "तिकडं बी लावतात. तिकडं कोन तुझ्यासारखा आरडत नाय." मी ऐकून घेतलं. पुढची सगळी ऑर्डर आम्हाला मिळाली होती, आणि तेव्हापासून प्रत्येक कंटेनरच्या दाराला कुंकू लागत होतं. फक्त सीलला नाही. आणि ओटीतला तांदूळ फॅक्टरीच्या गेटच्या आतच राहायचा, पॅकिंगमधल्या कोणातरी पोरीच्या पदरात.

उन्हाळ्यात रविनाचं डोहाळजेवण होतं, सकुबाईच्या घरी. मला बोलावलं होतं. धसईला उतरून चालत गेले तर अंगणात बायका जमलेल्या, पाटावर हिरव्या साडीत रविना बसलेली, आणि सकुबाईची जाऊ ओटीचं तबक हातात घेऊन पुढे होत होती. मला तिच्या लग्नाची गोष्ट आठवली आणि मी चुलीकडे बघितलं. चुलीपाशी कोणी नव्हतं.

सकुबाई माजघरातून आली. धुवट लुगडं नेसलेली, हात धुऊन पुसलेले. तिनं जावेच्या हातातून तबक घेतलं. जाऊ म्हणाली, "अगो, तू कुठं?"

"माझ्या हातची ओटी सरकारी बाईनं घेतली," सकुबाई म्हणाली. "भर रस्त्यात, पदर पसरून. तुला काय तरास हाय?"

रविनानं पदर पसरला होता, केव्हाच. जाऊ थोडी बाजूला सरली आणि तिनं सकुबाईसाठी पाट पुढे केला.